घरी बसून मोठं गणित शिकताना



आम्ही चौघी गणितात एम.एस्सी. केलेल्या. आमच्यातल्या दोघी कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात. एक जण घरीच दहावीच्या शिकवण्या घेते. चौथी शेती आणि तीन म्हशी सांभाळते. गेली अडीच वर्षं दर गुरुवारी दुपारी आम्ही गटाच्या खोलीत दार लोटून दोन तास बसतो. आत काय चालतं, असं बऱ्याच जणींनी विचारलं. भिशी चालते का, की कुठली साखळी योजना आहे, अशीही चौकशी झाली. आत गणित चालतं. त्यातल्या ज्या शाखेत पुढे संशोधन करायचं आमच्या मनात आहे, तिला सेट-थिअरेटिक टोपॉलॉजी म्हणतात. नाव मोठं आहे, पण घाबरू नका. आज तेच सोपं करून सांगतो, आणि शेवटी तुमच्याकडे एक मागणंही मागणार आहोत.

आधी मोजण्याबद्दल बोलू. हळदीकुंकवाला बायका जमल्या. वाण पुरेल का, हे बायका न मोजता आणि वाणही न मोजता कसं कळेल? एकेकीला एकेक वाण देत जायचं. बाई उरली नाही आणि वाणही उरलं नाही, म्हणजे दोन्ही सारखे. आकडा माहीत नसला तरी चालतं, जोड्या लागल्या की झालं. गेओर्ग कँटोर नावाचे जर्मनीतले गणिती होते. त्यांनी ही जोड्या लावायची रीत न संपणाऱ्या गोष्टींना लावली.

रेशनच्या दुकानापुढे दोन रांगा आहेत आणि दोन्ही कधीच संपत नाहीत, असं समजा. दोन्हींची मिळून एकच रांग करता येईल का? येईल. एक बाई या रांगेतली, एक त्या रांगेतली, पुन्हा एक या रांगेतली. कुणाचाही नंबर कधी ना कधी लागतोच. म्हणजे न संपणाऱ्या दोन रांगा एका रांगेपेक्षा मोठ्या नाहीत. मग वाटतं, न संपणारं सगळं सारखंच असणार. कँटोर यांनी दाखवलं की तसं नाही.

घरी एखादी लहान मुलगी असेल तर तिला हिरव्या आणि लाल बांगड्या घेऊन शेजारी बसवा. बांगड्यांची एक ओळ मांडायची: हिरवी, लाल, लाल, हिरवी, अशी कधीच न संपणारी. तिच्याखाली दुसऱ्या तऱ्हेची ओळ, तिच्याखाली तिसरी. आता कुणी म्हणालं की, ‘जगातल्या सगळ्या तऱ्हांच्या ओळी मी एकाखाली एक मांडल्या, एकही राहिली नाही,’ तर तिला म्हणायचं, थांब. मग आपण एक नवी ओळ करायची. पहिल्या ओळीत पहिली बांगडी हिरवी असेल तर आपली पहिली लाल. दुसऱ्या ओळीत दुसरी बांगडी लाल असेल तर आपली दुसरी हिरवी. असं तिरपं उतरत जायचं आणि दर ठिकाणी उलटा रंग घ्यायचा. ही नवी ओळ तिच्या यादीत आहे का? पहिल्या ओळीशी ती पहिल्या बांगडीत वेगळी आहे, दुसरीशी दुसऱ्या बांगडीत, शंभराव्या ओळीशी शंभराव्या बांगडीत. म्हणजे ती यादीत नाहीच. यादी कशीही केली तरी काहीतरी बाहेर राहतं. अशा ओळी एक, दोन, तीन या आकड्यांशी जोड्या लावून संपत नाहीत. हा अनंत त्या अनंतापेक्षा मोठा आहे. कँटोर यांनी ही तिरकी युक्ती १८९१ साली मांडली. हे समजायला पदवी लागत नाही. आमच्या गटातल्या, चौथीपर्यंत शिकलेल्या एका मावशींनी ती ऐकली आणि विचारलं, “मग ती राहिलेली ओळ यादीत घालून टाकली तर?” हाच खरा प्रश्न आहे. घाला, पण नव्या यादीवर तीच युक्ती पुन्हा चालते.

आता पुढचा प्रश्न. लहान अनंत आणि या मोठ्या अनंताच्या मधे आणखी एखादा आहे का? कँटोर यांना वाटत होतं की नाही, पण त्यांना ते सिद्ध करता आलं नाही. पुढे कुर्ट गोडेल यांनी १९४० साली छापलेल्या कामात दाखवलं की गणिताच्या नेहमीच्या नियमांनी कँटोर यांचं म्हणणं खोटं ठरवता येणार नाही. १९६३ साली पॉल कोहेन यांनी दाखवलं की त्याच नियमांनी ते खरंही ठरवता येणार नाही. सागरगोट्यांच्या खेळात असं होतं ना, की गोटा अंगठ्याला लागून हातात आला तर डाव गेला की राहिला, हे नियमात सांगितलेलंच नसतं. एका गावात एक धरतात, दुसऱ्या गावात दुसरं, आणि दोन्ही गावांचा खेळ नीट चालतो. गणितातही असे प्रश्न निघतात, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा आम्ही चौघी बराच वेळ गप्प बसलो होतो.

टोपॉलॉजी म्हणजे जवळिकीचं गणित. कोणती जागा कोणाच्या शेजारात येते, अंतर न मोजता हे कसं सांगायचं, याचा तो अभ्यास. आणि असा शेजार ठरवल्यावर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं कधीकधी मघाच्या अनंतांवर आणि नियमांवर अवलंबून असतात. तो भाग म्हणजे सेट-थिअरेटिक टोपॉलॉजी. एक उदाहरण देतो. एका गावात दोन बंदिस्त वस्त्या आहेत, एकमेकींत न मिसळणाऱ्या. अशा कुठल्याही दोन वस्त्या घेतल्या तरी त्यांच्याभोवती एकमेकांना न लागणारी दोन मोकळी आवारं आखता येत असतील, तर त्या गावाला नॉर्मल म्हणतात. आता गावाच्या प्रत्येक जागेवर एक उभी काठी रोवली आणि काठीवरची प्रत्येक जागाही गावातच धरली. हे काठ्यांसकटचं नवं गाव नॉर्मल राहील का? ह्यू डाउकर यांनी १९५१ साली या प्रश्नाचा खोलवर विचार केला. जुनं गाव नॉर्मल आणि काठ्यांचं गाव मात्र नॉर्मल नाही, असं गाव असतं का, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. नेहमीच्या नियमांत राहून, जादा नियम न घेता, असं गाव पहिल्यांदा बांधून दाखवलं ते एका बाईने, १९७१ साली. तिचं नाव मेरी एलेन रुडिन.

या बाईंची हकीकत सांगतो, कारण आमच्या अभ्यासाची रीत आम्ही त्यांच्यावरूनच घेतली. त्यांचा जन्म १९२४ चा, अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला. लीकी नावाच्या डोंगराळ भागातल्या लहानशा गावात त्या वाढल्या. वडील रस्ते बांधणारे इंजिनिअर, आई लग्नाआधी शिक्षिका होती. ऑस्टिनच्या विद्यापीठात त्या गेल्या, आणि नाव नोंदवायच्या दिवशीच त्यांची गाठ आर. एल. मूर या प्राध्यापकांशी पडली. मूर यांची शिकवण्याची तऱ्हा न्यारी होती. पुस्तक वाचायचं नाही. ते व्याख्या सांगत, विधानं फळ्यावर लिहीत, आणि खरं की खोटं ते विद्यार्थ्यांनी स्वतःच्या डोक्याने शोधायचं. दुसऱ्याला उत्तर सांगायचं नाही. मेरी एलेन या रीतीने शिकल्या आणि १९४९ साली पीएच.डी. झाल्या. पुस्तकी शिक्षण आपलं कमी राहिलं, असंही त्यांनी पुढे बोलून दाखवलं.

त्याच मूर यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना आपल्या वर्गात घ्यायला नकार दिला होता. हेही सांगायला हवं. शिकवायची रीत चांगली असली म्हणून दार सगळ्यांना उघडं होतं असं नाही. दार कुणाला बंद असतं, हे तुम्हाआम्हाला वेगळं सांगायला नको.

मेरी एलेन यांना चार मुलं झाली. १९५९ पासून त्या विस्कॉन्सिन विद्यापीठात होत्या, पण बारा वर्षं नुसत्या व्याख्यात्या म्हणून, अर्धवेळ. १९७१ साली त्या एकदम पूर्ण प्राध्यापक झाल्या. त्यांची गणित करायची जागा म्हणजे घरातल्या बैठकीतला सोफा. हातात वही, आजूबाजूला मुलांचा गलका. हे ऐकून कुणी म्हणेल, ‘बघा, घर सांभाळूनही होतं की!’ पण मुलांचं प्रेमाने बघणारी एक विश्वासाची बाई त्यांच्या घरी होती. डोकं गणितात असताना मुलाला जेवू घालणारा हात दुसऱ्या बाईचा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत येतो.

आता आम्ही काय करतो ते. कुणाची मुलगी, सून, भाची एम.एस्सी. होऊन घरी असेल तर तिच्या कानावर घाला.

पहिले सहा महिने आम्ही फक्त संच शिकलो. पॉल हाल्मोस यांचं ‘नेइव्ह सेट थिअरी’ हे बारकं पुस्तक आहे. बारकं म्हणून पटकन संपत नाही. त्यातून क्रमसंख्या आणि अनंतांची मापं पक्की झाली. त्यानंतर टोपॉलॉजी, मंक्रेस यांच्या पुस्तकावरून. ते कॉलेजात असतंच, पण कॉलेजात परीक्षेपुरतं होतं. या वेळी एकही उदाहरण सोडायचं नाही असं ठरवलं. जोडीला स्टीन आणि सीबाख यांचं उलट्या उदाहरणांचं पुस्तक. सरळ वाटणारं एखादं विधान कुठे मोडतं, हे त्यातून कळतं. आता आम्ही केनेथ कुनेन यांच्या १९८० सालच्या ‘सेट थिअरी’ या पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात आहोत. कोहेन यांची युक्ती, जिला फोर्सिंग म्हणतात, ती सातव्या प्रकरणात आहे. तिथवर पोचायला वर्ष तरी जाईल. त्यापुढे शोधनिबंध वाचायचे. अर्काइव्ह नावाच्या ठिकाणी ते मोबाइलवर फुकट मिळतात.

रीत अशी आहे. एक जण पुस्तकातलं विधान वाचते आणि पुस्तक मिटते. सिद्धता कुणी वाचायची नाही. आठवडाभर ते विधान डोक्यात घेऊन फिरायचं, भाकरी थापताना, धारा काढताना, एसटीत उभं असताना. पुढच्या गुरुवारी जिला सुचलं ती फळ्यापाशी उभी राहते, बाकीच्या तिघी अडवतात. ‘हे कशावरून?’ एवढंच विचारायचं. चौघींनाही जमलं नाही तर आणखी एक आठवडा. मग मात्र पुस्तक उघडायचं, कारण आम्ही मूर यांच्याइतक्या हट्टी नाही. वहीतही दोन भाग केलेत. उजव्या पानावर धडपड, डाव्या पानावर पक्कं झालेलं. प्रत्येक नव्या व्याख्येला दोन उदाहरणं लिहायची, एक तीत बसणारं आणि एक न बसणारं. न बसणारं सापडत नसेल तर व्याख्या समजलेली नाही असं धरायचं.

एका गुरुवारची गोष्ट सांगतो. सॉर्गनफ्राय नावाच्या गणित्याची एक रेषा आहे. तिच्यावरचा प्रत्येक बिंदू फक्त उजवीकडच्यांना शेजारी मानतो, डावीकडे बघत नाही. ती रेषा नॉर्मल आहे. पण अशा दोन रेषा एकमेकींशी गुणून पट तयार केला तर तो नॉर्मल राहत नाही. का? या ‘का’मागे आमचे चार गुरुवार गेले. आवारं आखून बघितली, आकृत्या काढल्या, काही हाती लागेना. उत्तर आलं ते मोजणीतून. त्या पटावर वेगळ्या करायच्या वस्त्यांच्या जोड्या इतक्या जास्त आहेत की तेवढी वेगवेगळी आवारं आखायला जागाच पुरत नाही. अनंतांची मापं लावली आणि मोठा अनंत लहानात मावेना. मघाची बांगड्यांची युक्तीच ती, दुसऱ्या लुगड्यात. ते फळ्यावर उमटलं तेव्हा म्हशीवाली मैत्रीण म्हणाली, “एवढ्यासाठी आज दूध उशिरा घातलं तरी चालेल.”

स्वतःच्या अभ्यासाने सगळं होत नाही, हेही कळलं. आपलं लिखाण तपासणारं तिऱ्हाईत माणूस लागतं. संशोधनाला कोणते प्रश्न अजून सुटलेले नाहीत, हे त्यात मुरलेलं माणूसच सांगू शकतं. म्हणून पीएच.डी.चं दार ठोठवावंच लागतं. त्याबद्दल थोडी कामाची माहिती सांगतो. गणिताच्या सीएसआयआर-नेट परीक्षेच्या अभ्यासक्रमात मोजता येणारे आणि न येणारे संच आहेत, टोपॉलॉजीही आहे, म्हणजे हा अभ्यास वाया जात नाही. सहायक प्राध्यापक होण्यासाठी ही परीक्षा द्यायला वयाची वरची अट नाही. फेलोशिपला वयाची अट आहे, पण बायकांना त्यात सवलत मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात, बायकांना आणखी दोन वर्षं वाढवून मिळू शकतात, आणि त्या काळात बाळंतपणाची किंवा बालसंगोपनाची २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या शिष्यवृत्त्याही आहेत. लग्न झालं, मूल झालं, आता संपलं, असं कुणी सांगितलं तर हे नियम दाखवा.

यंदा आमच्यातल्या एकीने, म्हशीवालीनेच, पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेचा अर्ज भरला आहे. तिचं मूल चार वर्षांचं आहे. सासूबाईंचे गुडघे धरलेत. नवरा म्हणतो, “शिक, पण म्हशी कोण बघणार?” तो वाईट माणूस नाही, प्रश्न खरा आहे. फी, पुस्तकं आणि येण्याजाण्याच्या खर्चासाठी तिने बचत गटाकडे कर्ज मागितलं, तेव्हा बैठकीत बराच वाद झाला. काही जणी म्हणाल्या, “शेळीला कर्ज दिलं तर करडू दिसतं. शिलाई मशीनला दिलं तर झंपर शिवून मिळतं. हिच्या गणिताचं काय दिसणार?” आम्ही तिघी गप्प राहिलो, कारण आमचं म्हणणं मैत्रिणीच्या बाजूचं असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटी गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, “शेळी मरते तरी आपण पुढच्या वेळी शेळीला कर्ज देतोच. हप्ता ती दुधातून फेडणार आहे. पैसे कशाला हवेत ते तिचं तिला ठरवू दे.” कर्ज मंजूर झालं. दोघींनी विरोधात हात वर केला, तोही आम्ही मानतो. त्यातल्याच एक काकू आता गुरुवारी तिच्या मुलाला सांभाळतात. म्हणतात, “कर्जाला माझा विरोध होता, पोराला नाही.”

तिला प्रवेश मिळेल की नाही, आज सांगता येत नाही. नाही मिळाला तर गुरुवार चालूच राहील आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज भरू. या गणिताने विहिरीला पाणी येणार नाही, कांद्याला भाव मिळणार नाही. पण खरं कशाला म्हणायचं, हे ते शिकवतं. मोठ्या माणसाने सांगितलं म्हणून खरं नाही, छापलंय म्हणून खरं नाही, कशावरून ते दाखवा. ज्या बाईला हे विचारायची सवय लागली, ती ग्रामसभेतही विचारते. गेल्या ग्रामसभेत पाणीपट्टीचा हिशेब वाचला गेला, तेव्हा ‘हे कशावरून?’ असा आवाज आला. तो आमच्यातल्याच एकीचा होता. बेरीज पुन्हा केली गेली.

आता आमचं मागणं. प्रत्येक गावात अशी एखादी मुलगी असते, जिचं डोकं चालतं आणि जिला वेळ मिळत नाही. तिला पुस्तक आणून देणं जमेल न जमेल, पण आठवड्यातले दोन तास देता येतात. तिचं मूल कुणी सांभाळायचं, तिची पाण्याची पाळी कुणी घ्यायची, हे गटाच्या बैठकीत बचतीच्या हिशेबाबरोबर ठरवा. वहीत लिहून ठेवा, म्हणजे ते उपकार राहत नाहीत, कामाची पाळी होते. आणि तिने काय शिकलीस ते तुम्हाला सांगावं, अशी अट घाला. बांगड्यांनी सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तिला अजून पुरतं समजलं नाही.

बांगड्यांचा खेळ आज रात्री घरी करून बघा. कुणी पोर म्हणालं की सगळ्या ओळी मांडल्या, तर तिरपं उतरा आणि दर ठिकाणी रंग उलटा घ्या. अडलं तर आम्हाला विचारायला या. गटाच्या खोलीचं दार गुरुवारी लोटलेलं असतं, त्याला कडी नसते.